चौथ्या दिवसाची चढण

गॅब्रिएल सरांच्या वर्षाच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, सोनल गेली नाही. त्या सकाळी तिने पाठपिशवी भरली, डोंबिवलीहून ठाण्याच्या नौपाड्यात आली आणि सरांच्या बंद दारापासून एकटीच चालायला लागली.

सर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. सोनल त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता घरी गणिताच्या शिकवण्या घेणारी. सहा वर्षं दिवाळी झाली की दोघं ठाण्याहून नाणेघाटापर्यंत पायी जात. पाच दिवस लागत. "गाडीने पायथ्याशी उतरलं की आपण पाहुणे," सर म्हणत. "दारातून चालत गेलं की डोंगर ओळख देतो." ते खरंच होतं. मुरबाड मागे पडलं की नाकातला धूर निवळे. वाळलेल्या गवताचा, शेणाचा, ओढ्यात कुजणाऱ्या पानांचा वास वेगवेगळा कळायला लागे. तिथून पुढे सर जवळजवळ बोलतच नसत.

गेल्या वर्षी चौथ्या दिवशी, चढण संपवून पठारावर आल्यावर सर बेहड्याच्या झाडाखाली बसले. चेहरा राखेसारखा झाला होता. "सोनल, जरा पाणी..."

बाटल्या दुपारीच संपल्या होत्या. ती खाली पाड्यावर धावली, माणसं गोळा केली आणि बाटली भरून त्यांच्याही पुढे वर पळाली. सर गेले होते. त्यांनी बूट काढून शेजारी नीट ठेवले होते, पावलं गवतात टेकवली होती. शेवटच्या घटकेला जवळ कुणी नव्हतं. 'मी निघायलाच नको होतं,' हे वर्षभरात सोनलने किती वेळा स्वतःला ऐकवलं असेल.

आता ती पुन्हा त्या बेहड्याखाली बसली होती. तिनेही बूट काढले. जमीन उन्हाने कोमट होती.

"सर, मी आलेय."

गवत सळसळलं, लांब एक पक्षी ओरडला. बस, एवढंच. तिथे कुणीच नव्हतं, आणि त्याचंच तिला रडू आलं.

ऊन कलल्यावर ती उतरायला लागली. अर्ध्या वाटेवर रातकिड्यांची किरकिर एकाएकी थांबली. समोरून कुणीतरी धापा टाकत आलं. वाट रिकामी होती, पण कडेचं गवत दुभंगत वर येत होतं. तिच्या गालाला गरम श्वास लागला. घामाचा वास आला. बाटलीतलं पाणी डुचमळल्याचा आवाज कानाजवळून वर निघून गेला.

पाड्यावरचं पहिलं घर रखमाबाईचं. गेल्या वर्षी तिनेच बाटली भरून दिली होती. सोनल तिच्या अंगणात येऊन मटकन बसली.

"मावशी, वर कुणी गेलं का आत्ता?"

रखमाबाई चुलीपाशी थांबली. "तुला पन कळला?"

"सर आहेत का ते?"

"म्हातारा नाय गं. तो सुखानं गेला, तो कशाला फिरंल? बाई हाय ती. हातात बाटली. वरीस झाला, रोज याच वेळंला पळत वर जाते. खाली येताना कुनी बघितली नाय."

"कोण बाई?"

रखमाबाईने चुलीत लाकूड सारलं. मग हळूच म्हणाली, "तूच की गं..."

सोनल उठून अंगणाच्या कडेला गेली. समोरच्या उतारावर पिवळ्या गवतात एक रेघ घाईघाईने वर सरकत होती. वारा अजिबात नव्हता.

"हाक नको मारू, पोरी," रखमाबाई मागून कुजबुजली. "वळून बघितला तर..."

पण सोनलला राहवलं नाही. रडून दमलेल्या पोराला सांगावं तसं ती हलकेच म्हणाली, "थांब गं. सर गेले. नको पळूस आता."

रेघ थबकली. चुलीत लाकूड तडतडलं, तेवढाच आवाज.

मग गवत पुन्हा हललं. या वेळी खाली, घराच्या दिशेने. सावकाश. आणि आता रेघा दोन होत्या... शेजारी शेजारी.