कडू औषधाची बाटली

कापूस नावाचा गिनीपिग मेला होता, आणि त्याच्या हनुवटीखालच्या पांढऱ्या केसांवर एक डाग होता. गुलाबी, वाळून कडक झालेला, मसुराच्या दाण्याएवढा. त्या जागी केस एकमेकांना चिकटले होते. वहिनींनी चिमट्याने त्यातली एक बट उचलली, तर ती काडीसारखी ताठ उभी राहिली.

“रक्त?” भाऊजींनी विचारलं.

“रक्त वाळलं की तपकिरी होतं, भाऊजी. दाढी करताना रोज प्रयोग करता, तरी लक्षात नाही?”

“मग बीट खाल्लं असेल.”

वहिनींनी ओला बोळा डागावर टेकवला. बोळा गुलाबी झाला आणि बोटाला चिकटला. त्यांनी तो हुंगला, एका डबीत ठेवला आणि हातमोजे काढले.

वहिनींची उमेदीची वर्षं औषधांच्या प्रयोगशाळेत गेली होती. निवृत्तीनंतर त्या खासगी तपासाची कामं घेऊ लागल्या. त्यांचे दीर, म्हणजे भाऊजी, गाडी चालवत, पिशवी धरत आणि चुकीचा निष्कर्ष सगळ्यांच्या आधी काढत.

आज त्यांना बोलावलं होतं ते धाकट्या डॉक्टरांनी. प्राण्यांच्या या दवाखान्यात डॉक्टर दोन: थोरले, म्हणजे वडील, आणि धाकट्या, म्हणजे त्यांची लेक. लेकीच्याही केसांत आता पांढरी बट होती, पण दारावरच्या पाटीवर नाव एकट्या वडिलांचं.

“तीन गिनीपिग आले होते,” धाकट्या डॉक्टर म्हणाल्या. “नाक वाहत होतं, छातीत घरघर. काजळ सगळ्यांत अत्यवस्थ होती, म्हणून तिला इथे ठेवून घेतलं आणि औषध मी स्वतः शेल्फवरून काढून पाजलं. ती खडखडीत बरी झाली. कापूस आणि ढोल्या यांना बाटली देऊन घरी पाठवलं. दोघंही जुलाबांनी गेले.”

“फुप्फुसांनी नाही?”

“मी उघडून पाहिलं. फुप्फुसं निवळत आली होती. आतडी मात्र फुगून पाण्याने भरलेली.”

“तुम्ही लिहिलं काय होतं?”

“एन्रोफ्लॉक्सासिन. तिघांनाही तेच.” त्यांनी शेल्फवरून एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. “ज्या मुलीचे हे गिनीपिग, तिच्या वडिलांनी परत आणून दिलेली ही बाटली. आत माझंच औषध आहे. पण हे मरण त्या औषधाचं नाही, आणि ते मला सिद्ध करता येत नाही.”

बाटलीचं झाकण कोरं पांढरं होतं. बाजूला चिठ्ठी, आत पिवळसर, पाण्यासारखं नितळ औषध. वहिनींनी एक थेंब जिभेवर ठेवला आणि बाटली भाऊजींपुढे केली. त्यांनी विश्वासाने चाखलं.

“अरे देवा! कडू जहर!”

“थुंकायला बेसिन तिकडे आहे.” वहिनी डॉक्टरांकडे वळल्या. “मरण कशाचं वाटतं तुम्हाला?”

“पेनिसिलिनच्या घराण्यातल्या एखाद्या औषधाचं. ते गिनीपिगच्या तोंडात गेलं की पोटातले उपयोगी जिवाणू मरतात, विषारी तेवढे माजतात. कुत्र्याला जे बरं करतं तेच याला मारतं. म्हणूनच मी ते लिहीत नाही.”

“आणि थोरले डॉक्टर काय म्हणतात?”

धाकट्या डॉक्टरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. “‘औषधाची निवड माझी चुकली,’ असं लिहून सही दे म्हणतात. मुलीच्या वडिलांनी पशुवैद्यक परिषदेकडे तक्रार केली आहे, उद्या सुनावणी आहे. सही केली की माझा परवाना जाईल. बाबांचं म्हणणं, तू घरातलीच आहेस, बस थोडे दिवस घरी. दवाखान्याचं नाव तरी वाचेल.”

“चोर सोडून संन्याशाला फाशी!” भाऊजी बेसिनवरून गरजले. “तुम्ही अजून या दवाखान्यात कशाला राहिलात?”

“सोडायचं तर कधीचं मनात आहे. शब्द ओठांपर्यंत येतात. मग बाबा हाक मारतात, आणि मी ‘आले’ म्हणते.”

वहिनींनी चष्मा ज्या तऱ्हेने पुसला, त्यावरून त्या संतापल्या आहेत हे भाऊजींना कळलं. रागावल्या की त्या काच झिजेपर्यंत पुसत.

थोरले डॉक्टर आपल्या खोलीत फिरत्या खुर्चीत बसले होते. मागची भिंत प्रशस्तिपत्रांनी भरलेली.

“तुम्ही गुप्तहेर? मला वाटलं, मांजर दाखवायला आलात.”

“मांजर नाही. उंदीर शोधतेय,” वहिनी म्हणाल्या. “दोन गिनीपिग कशाने मेले?”

“पोरीच्या हट्टाने. नवी पुस्तकं, नवी औषधं! आणि थोडा दोष त्या घरच्यांचाही. लहान मुलीच्या हातात गोड औषध दिलं की ती लाडाने चार थेंब जास्त पाजणारच.”

“बाटली परत आली तेव्हा घेतली कुणी?”

“मला काय माहीत? तो माणूस कंपाउंडरच्या टेबलावर ठेवून गेला. मी नंतर पाहिली.”

“लेकीवर आळ येतोय, तरी तुम्ही शांत दिसता.”

“लेक आहे म्हणूनच. परक्याला सांभाळून घ्यावं लागतं. घरचं माणूस समजून घेतं.”

बाहेर आल्यावर भाऊजींनी दातओठ खाल्ले. “समजून घेतं म्हणे! याची ती खुर्ची एकदा गरागरा फिरवून सोडावीशी वाटते.”

“आधी कंपाउंडर,” वहिनी म्हणाल्या.

कंपाउंडर खिडकीमागे बाटल्या विसळत होता.

“आपण सांगकामे, बाई. कागद येतो, बाटली भरतो, चिठ्ठी चिकटवतो.”

“ही चिठ्ठी तुमच्या हातची?”

“अक्षर माझंच.”

“म्हणजे कागदावर जे असतं तेच बाटलीत जातं?”

त्याने थोरल्या डॉक्टरांच्या दाराकडे पाहिलं. “इथे मालक एकच आहेत. त्यांना विचारा.”

“ही बाटली परत कुणी घेतली?”

“मी जेवायला गेलो होतो. आलो तेव्हा टेबलावर होती.” एवढं बोलून त्याने नळ मोठा सोडला.

मुलीचे वडील शाळेचे हेडमास्तर होते. घरात चपला उंचीप्रमाणे रांगेत लावलेल्या. त्यांनी पाहुण्यांना बसा म्हटलं नाही.

“त्या बाईची वकिली करायला आलात?”

“दोन प्राणी का मेले ते शोधायला आलेय. तुम्हालाही हेच हवं असेल तर आपण एकाच बाजूचे.”

हेडमास्तरांनी मुलीला हाक मारली. नऊ-दहा वर्षांची असेल. रडून रडून डोळे कोरडे पडलेले. ती त्यांना पिंजऱ्यापाशी घेऊन गेली. आत काजळ एकटी कोपऱ्यात बसली होती.

मुलीने एकेक वस्तू काढून दाखवली: खायची वाटी, केस विंचरायचा ब्रश, औषधाची सिरिंज. प्रत्येकीवर नेलपॉलिशचा हिरवा ठिपका होता.

“हे कशाला गं?” भाऊजींनी विचारलं.

उत्तर हेडमास्तरांनी दिलं. “माणसांच्या आणि जनावरांच्या वस्तूंची सरमिसळ माझ्या घरात चालत नाही. त्यांची कुठलीही वस्तू घरात आली की आधी ठिपका, मग वापर. ठिपका नसेल तर मी ती वस्तू बाहेर फेकतो, हे हिला ठाऊक आहे. त्यात हिलाही तेव्हा खोकला. फ्रिजच्या दारात हिचंही औषध आणि त्यांचंही.”

“त्यांचं औषध फ्रिजमध्ये कशाला?”

“त्या कंपाउंडरनेच बजावलं होतं, थंड ठेवा म्हणून.”

भाऊजींचे डोळे चमकले. ते वहिनींच्या कानाशी लागले. “झालं! पोरीने आपलंच औषध त्यांना पाजलं. माणसांचं खोकल्याचं औषध, गुलाबी!”

“हे तिच्या कानावर गेलं तर घरी चालत जायचं, भाऊजी,” वहिनी दातांतून म्हणाल्या. मग त्या मुलीशेजारी जमिनीवर बसल्या. “औषध घ्यायला त्रास द्यायचे का गं ते?”

“नाही. काजळ दवाखान्यात तोंड घट्ट मिटायची. डॉक्टरताईंना दोनदा चावली. पण कापूस आणि ढोल्या तर पळत यायचे. सिरिंज चाटून पुसून साफ करायचे.” ती थांबली. “मी मारलं का त्यांना?”

भाऊजींना आपल्या निष्कर्षाची लाज वाटली. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

“नाही,” वहिनी म्हणाल्या. “आणि हे मी तुला दवाखान्यात सगळ्यांसमोर सांगणार आहे. चल.” मग त्या हेडमास्तरांकडे वळल्या. “बाटली तुम्ही परत केलीत ती कुणाकडे?”

“थोरल्या डॉक्टरांकडे. त्यांच्या समोर आपटली म्हणा. कंपाउंडर जागेवर नव्हता.”

दवाखान्याच्या बाकांवर सगळे बसले. थोरले डॉक्टर तेवढे उभे राहिले, हात मागे बांधून. वहिनींनी ती बाटली मधल्या स्टुलावर ठेवली.

“तीन प्राणी, एकच आजार, एकच लिहून दिलेलं औषध,” त्यांनी सुरुवात केली. “जिला डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने पाजलं ती जगली. ज्यांना खिडकीतून मिळालेली बाटली पाजली ते मेले. म्हणजे दोष औषध निवडणाऱ्याचा नाही. बाटलीत काय होतं, एवढाच प्रश्न.”

“बाटली समोर आहे,” थोरले डॉक्टर म्हणाले. “आत तिचंच औषध आहे.”

“आहे. पण हे औषध कडू जहर आहे. भाऊजी साक्षीदार आहेत.”

“अजून तोंड कडू आहे,” भाऊजी म्हणाले.

“काजळ चावायची ती या कडूपणामुळे. मग कापूस आणि ढोल्या सिरिंज का चाटत होते? हे औषध पिवळसर आणि नितळ; मग कापसाच्या हनुवटीवर गुलाबी, चिकट, गोड वासाचा डाग कसा? डॉक्टर, एन्रोफ्लॉक्सासिन फ्रिजमध्ये ठेवायला सांगता का तुम्ही?”

“कधीच नाही,” धाकट्या डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. “थंड ठेवायला लागतं ते... पाण्यात कालवलेल्या पावडरीचं. अमॉक्सिसिलिनचं. पेनिसिलिनचंच घराणं.”

“गुलाबी आणि गोड. घरी गेली ती बाटली त्याची होती. ही बाटली घरी गेलेलीच नाही.”

“मग मुलीचं औषध?” भाऊजींनी धीर करून विचारलं.

“हेडमास्तरांच्या घरात ठिपक्याशिवाय काही प्राण्यांच्या तोंडाला लागत नाही. तोच नियम या बाटलीला लावा. झाकण पाहा.”

मुलगी उठली. तिने बाटली सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली. “ही आमची नाही! आमच्या बाटलीच्या झाकणावर ठिपका होता. मी स्वतः लावला होता.”

“तेव्हा बदल झाला तो परत आल्यावर, इथे. डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणालात, बाटली कंपाउंडरच्या टेबलावर ठेवली. हेडमास्तर म्हणतात, तुमच्यासमोर आपटली. आणि तुम्ही आणखी एक बोललात. मुलीच्या हातात ‘गोड औषध’ दिलं, असं. तुमच्या लेकीने लिहिलेलं औषध कडू, इथे सापडलेलं औषध कडू. घरी गेलेलं गोड होतं हे तुम्हाला कसं कळलं?”

मग कंपाउंडर बाकावरून उठला.

“साहेबांचा हुकूम होता,” तो जमिनीकडे पाहत म्हणाला. “ताई काही लिहोत, खोकल्याला गुलाबीच द्यायचं. चिठ्ठी मात्र ताईंच्या औषधाची लावायची. परवा साहेबांनी मला कडव्या औषधाची नवी बाटली भरायला लावली. चूक माझीही आहे.”

“किती वेळा?” धाकट्या डॉक्टरांनी विचारलं.

“प्रत्येक वेळी, ताई.”

“कुत्र्यांना, मांजरांना, सगळ्यांना?” त्या वडिलांकडे वळल्या. “म्हणजे जगलेला प्रत्येक प्राणी तुमचा, आणि मेलेला तेवढा माझा?”

“आवाज खाली,” थोरले डॉक्टर म्हणाले. “इतकी वर्षं याच औषधाने खोकला बरा करतोय मी. तुझ्या प्रयोगांपायी गिऱ्हाइकं तोडू? त्या औषधाने मेलं काय, तर दोन उंदीर!”

हेडमास्तर ताडकन उभे राहिले. “माझ्या मुलीसमोर बोलताय तुम्ही.”

“तुम्ही बसा हो. आपण मार्ग काढू.” थोरल्या डॉक्टरांनी लेकीच्या हातातला कागद घेतला, फाडला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समजूतदारपणाचं हसू आलं. “हे बघ, सहीचा विषय संपला. तुझा परवाना सुरक्षित. उद्या सांगायचं, घरात मुलीचंही औषध होतं, तिच्याकडून अदलाबदल झाली. लहान मूल आहे, तिला कोण शिक्षा करणार? तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो.”

मुलीने वडिलांचा हात धरला. भाऊजी खुर्ची गरागरा फिरवण्याच्या कामी खरोखरच उठले होते. वहिनींनी त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवलं. ही पाळी दुसऱ्या कुणाची होती.

धाकट्या डॉक्टर मुलीसमोर गुडघ्यांवर बसल्या. “तू एकही थेंब चुकीचा दिला नाहीस. जे आम्ही दिलं ते तू प्रेमाने पाजलंस. चूक या दवाखान्याची आहे, आणि उद्या सुनावणीत मी हेच सांगणार आहे. बाबांच्या नावासकट.”

“वेडी झालीस का? इकडे ये आधी,” थोरले डॉक्टर म्हणाले. “मी बोलावतोय. ऐकू येत नाही?”

त्या उठल्या. गळ्यातला स्टेथोस्कोप मात्र त्यांनी काढला नाही. तो त्यांचाच होता.

“ऐकू येतंय, बाबा. मी येणार नाही. मी दवाखाना सोडला.”