शिवलेली बाही

लढाई सुरू झाली आणि लष्करानं स्टेशनाला खेटूनच तळ ठोकला. मालधक्क्यामागं तंबू उभे राहिले, शाळेचं इस्पितळ झालं, आणि शिंप्याच्या धाकट्या मुलीला गणवेशांच्या ढिगातून मान वर काढायला फुरसत मिळेना.

असाच एक ढीग छातीशी कवटाळून ती फलाटावरून चालली होती... आणि डब्यातून उतरणाऱ्या शिपायावर जाऊन आदळली. गणवेश खाली पसरले, अन् त्याची बाही दाराच्या कडीत अडकून टर्रकन फाटली.

"हलू नका," कॉलरला खोचलेली सुई काढत ती म्हणाली. "अंगावरच शिवते."

"टोचली तर?"

"लष्करात आहात ना?"

तो हसला. तळावरच्या तारयंत्रावर त्याचं काम होतं, म्हणून सगळे त्याला तारवाला म्हणायचे. त्या दिवसापासून तारवाल्याचे कपडे फारच फाटायला लागले.

"आज काय?"

"बटण तुटलं..."

"कालच तर लावलं होतं! कुणी तोडलं?"

तो नुसता तिच्या बोटांकडे बघत राही, आणि तिला सुईत दोरा ओवता येत नसे.

मग एकाएकी तो यायचाच थांबला.

बदली झाली असेल, आजारी असेल — ती मनाची समजूत घालत राहिली. आणि एका दुपारी तो दिसला. फलाटावर तिची थोरली बहीण चहाचं दुकान चालवायची, तिथं. तो हळू आवाजात काहीतरी सांगत होता आणि ताई गालावर हात ठेवून ऐकत होती. आरशापुढं तासभर उभं राहूनही धाकटीला जे जमत नसे, ते ताईला नुसती मान कलती करून जमायचं! धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी ताईनं हाक मारली, तर तिनं शिवणयंत्र जोरात चालवलं.

दुरुस्तीला आलेल्या कपड्यांत त्याचा कोट निघाला, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. तिनं त्याची उजवी बाही मनगटाशी शिवून टाकली. दुहेरी दोऱ्यानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ हलवायचा हुकूम आला. सगळं गाव फलाटावर लोटलं. ती गर्दीतून वाट काढत पुढं गेली, तर तारवाला एक हात कोटात अडकवून डब्याच्या दारात उभा! आजूबाजूचे शिपाई पोट धरून हसत होते.

"द्या इकडे," ती पुटपुटली, आणि दातांनी टाके तोडू लागली.

"एवढा राग?" तो म्हणाला. "राग तर मला यायला हवा. लग्न ठरलेल्या मुलीनं... निदान सांगायचं तरी."

"कुणाचं लग्न?"

"तुमचं. ताई म्हणाल्या."

तिनं वळून पाहिलं. ताई किटली धरून मागंच उभी होती.

"खोटं बोलले," ताई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "रोज यायचा नि तुझंच विचारायचा. मलाही आवडला होता गं..."

शिट्टी झाली. डबा हलला.

"म्हणजे... ठरलेलं नाही?" तारवाल्यानं ओरडून विचारलं.

"ठरलंय!" गाडीबरोबर धावत ती ओरडली. "आत्ताच ठरलं! परत या म्हणजे झालं!"

त्यानं मोकळा झालेला हात हलवला. वळणावर शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत तो हात हलतच होता.

फलाट रिकामा झाला. कुठं निघाली होती ती गाडी, कुणाला माहीत! दोघी बहिणी बाकाच्या दोन टोकांना बसल्या. ताईनं विचारलं, "चहा घेशील?"

"घेईन. पण तुझ्याशी बोलणार नाही."

"कधीपर्यंत?"

धाकटीनं डोळे पुसले.

"तो येईपर्यंत."

ताईनं कप भरला, आणि सरकत सरकत तिच्या शेजारी येऊन बसली.