पलीकडच्या स्टुलावरच्या बाई

दिवा जरा अलीकडे ओढ, म्हणजे तुझं तोंड दिसेल मला. भीती वाटली तर आधीच सांग, नाहीतर उद्या तुझी आई माझ्याशी भांडायला यायची. परवा तू विचारलंस ना, मावशी, तुमच्या विभागात भूत आहे म्हणतात ते खरं का? भूत म्हणू नकोस गं. बाई म्हण. आम्ही सगळे बाईच म्हणायचो.

त्या दुपारी मी फक्त स्लाइडची लाकडी पेटी परत ठेवायला गेले होते. पदवीचं शेवटचं वर्ष चालू होतं आणि मी प्रगत पेशीविज्ञानाचा पेपर घेतला होता. वर्गात आम्ही सात जण. त्यातली मी शिळी, कारण आदल्या वर्षी त्याच पेपरच्या प्रात्यक्षिकात माझी दांडी गुल झाली होती. लेखी परीक्षेत मी पानंच्या पानं भरायचे, तोंडी परीक्षेत समोरच्याला बोलू द्यायचे नाही, पण मायक्रोस्कोपखाली पेशी दाखव म्हटलं की माझी बोबडी वळायची. आता ही दुसरी आणि शेवटची संधी होती. नियमच तसा होता. पुन्हा नापास झालं की पदवीवर पाणी सोडायचं.

माझे वडील, म्हणजे तुझे आजोबा, घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्यात भिंग अडकवूनच ते मला म्हणाले होते, "या खेपेला नाही जमलं तर दुकानात बस. भिंगातून बघायची हौस तिथेही फिटेल." रागावून म्हणाले असते तर मी उलट बोलले असते. ते अगदी मायेने म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

परीक्षेत करायचं असं असायचं. कांद्याच्या फुलाची कळी घ्यायची, ती अल्कोहोल आणि आम्लाच्या बाटलीत टाकायची. त्यात पडली की कळीतली प्रत्येक पेशी जिथल्या तिथे मरते आणि ज्या क्षणी मेली तशीच राहते. फोटोतला माणूस कधी कूस बदलत नाही ना, तसंच. मग आतला बारीक परागकोश काढून लाल रंगात बुडवायचा, वर काच ठेवून अंगठ्याने दाबायचा आणि मायक्रोस्कोपखाली धरायचा. पेशी विभागताना तिच्यातली गुणसूत्रं पाच वेगवेगळ्या रूपांत दिसतात. आपल्या स्वतःच्या स्लाइडवर ती पाचही रूपं परीक्षकांना दाखवायची. चार दाखवली तर नापास. माझ्या स्लाइडवर त्या दिवसापर्यंत एकही दिसलं नव्हतं.

मायक्रोस्कोपच्या खोलीला काळे पडदे होते. भर दुपारी आत मिट्ट काळोख. आम्लाचा आंबूस वास नाकात बसायचा आणि त्यात कुठूनतरी लवंगेच्या तेलाचा वास मिसळायचा. मधल्या टेबलावर आमचा दोन डोक्यांचा मायक्रोस्कोप. समोरासमोर दोन स्टुलं, दोघांनी दोन बाजूंनी डोळे लावायचे आणि एकच स्लाइड बघायची. शिक्षकाच्या बाजूला एक बटण होतं. ते फिरवलं की दोघांनाही दिसणारा उजेडाचा छोटासा हिरवा बाण स्लाइडवर फिरायचा. त्या बाजूला एकोणतीस वर्षं बाई बसल्या. मी त्या वर्गात जायच्या आधीच्या सुटीत त्या वारल्या, म्हणून मी त्यांना पाहिलंच नव्हतं. ऐकलं मात्र खूप होतं. उत्तर म्हणून कधी सांगायच्या नाहीत. बाण एखाद्या पेशीवर नेऊन दोनदा टेकवायच्या आणि म्हणायच्या, "बघ. अजून बघ." बस्स.

तर मी पेटी फळीवर ठेवली आणि वळले. बघते तर मायक्रोस्कोपचा दिवा चालू. कुणीतरी विसरलं असणार. बंद करायला गेले, पण स्लाइड लावलेली दिसली आणि राहवेना. विद्यार्थ्यांच्या बाजूच्या स्टुलावर बसले आणि डोळे लावले.

कोपऱ्यात हिरवा बाण होता. मी बघत असतानाच तो हलला.

माझा धक्का लागला असेल म्हणून मी टेबलावरचे हात काढून मांडीवर घेतले. बाण चालतच राहिला... सावकाश, मध्येच थांबत, भाजी निवडणाऱ्या बाईच्या बोटासारखा. एका पेशीवर जाऊन थांबला. दोनदा टेकला. आणि पलीकडून बटण फिरल्याचा बारीक आवाज आला. किर्र... किर्र.

मी डोळे वर केले. समोरचं स्टूल रिकामं होतं. फक्त पलीकडच्या दोन भिंगांवर वाफेचे दोन गोल डाग होते. ते विरले. पुन्हा उमटले. पुन्हा विरले... कुणीतरी श्वास घेत असल्यासारखे.

मी कशी उठले ते मला आठवत नाही. दाराबाहेर प्रयोगशाळेतले मामा काचेच्या बाटल्या घेऊन चालले होते, त्यांच्यावर जाऊन आदळले. मामा आमच्या विभागात विसाहून जास्त वर्षं होते आणि सगळ्यांना अरेतुरे करायचे.

"मामा... आत... आत कुणीतरी आहे..."

"बाण हलला?" मामांनी बाटल्या मोजत विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे?"

"काय दाखवत होत्या?"

"मी कशाला बघत बसतेय!"

"मग जा परत," मामा म्हणाले. "अर्ध्यातून उठून गेलेलं त्यांना चालायचं नाही. आणि हे बघ, त्यांच्या स्टुलावर बसू नकोस. बाकी काही करत नाहीत त्या."

आता तूच सांग, शहाणं माणूस परत गेलं असतं का? पण माझ्या डोळ्यांसमोर घड्याळांचं दुकान होतं आणि त्यातली माझी खुर्ची. मी गेले. बाण त्याच पेशीवर थांबला होता. मी कसंबसं म्हटलं, "गुणसूत्रं... जोडीजोडीने आहेत?" बाण त्या पेशीभोवती गर्रकन फिरला. मला एकदम हसूच आलं. इतकी भ्यायले होते, तरी हसू आलं.

त्यानंतर सव्वादोन महिने मी रोज दुपारी तिथे जात होते. आयुष्यात इतकी मजा मी क्वचितच केली असेल. चुकलं की बाण डावीकडे उजवीकडे व्हायचा, बरोबर आलं की गिरकी घ्यायचा, आणि मी पाठांतर घडाघडा म्हणायला लागले की नजरेच्या बाहेरच निघून जायचा. मी गप्प बसले की यायचा परत. माझी खोड मोडायला त्यांना पंधरा दिवस लागले. पाठ केलेलं बोलायचं नाही, समोर दिसतंय ते बोलायचं.

माझ्या स्वतःच्या स्लाइडवर मात्र बाण फिरकेना. मी स्लाइड लावली की तो कोपऱ्यात जाऊन बसायचा, रुसून बसावं तसा. चार दिवस मी काकुळतीला आले. शेवटी मामांनी माझी बाटली उजेडात धरली आणि कपाळावर हात मारला.

"अगं बये, एवढ्या टपोऱ्या कळ्या कशाला तोडतेस? लग्नाला जायचंय?"

झालं होतं काय, की गेल्या वर्षीपासून मी वाफ्यातल्या सगळ्यात भरदार, गोऱ्यापान कळ्या निवडून आणत होते. दिसायला छान, पण त्यांच्यात सगळं विभाजन उरकून गेलेलं असतं, आत नुसते पिवळे परागकण. हवी असते ती खालची, बारीक, हिरवट, कुणी बघणारही नाही अशी कळी. पुस्तकात हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बारीक कळीची स्लाइड लावली आणि बाण असा काही सुटला म्हणतेस! इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी अंधारात एकटीच खदखदून हसत होते आणि पलीकडची भिंगं भराभरा वाफेने भरत होती. तेव्हा मला कळलं की पलीकडेही कुणीतरी हसतंय. अंगावर काटा आला, पण उठावंसं काही वाटलं नाही.

परीक्षा शुक्रवारी होती. सोमवारीच मी कळ्या बाटलीत टाकून ठेवल्या. बाहेरून आलेले परीक्षक जाडजूड, घोगऱ्या आवाजाचे होते. ते पलीकडच्या स्टुलावर टेकणार, तेवढ्यात मामा खोकले. "सर, ते जरा डुगडुगतं. बसू नका." मग परीक्षक उभेच राहिले, एका हातात गुणपत्रिका, दुसऱ्यात पेन. मी सापडलं म्हटलं की वाकून पलीकडच्या भिंगातून बघायचे.

पहिलं रूप सापडलं, दुसरं सापडलं, तिसरं सापडलं. बाण कोपऱ्यात गुपचूप होता. परीक्षेत मदत नाही, एवढ्या त्या कडक होत्याच. चौथंही मिळालं. आठ जोड्या पेशीच्या मधोमध रांगेत उभ्या. आता पाचवं. या जोड्या सुटून प्रत्येकीतलं एक गुणसूत्र एका टोकाला, दुसरं दुसऱ्या टोकाला निघालं की झालं.

पाचवं काही मिळेना. काच वरपासून खालपर्यंत तीनदा पालथी घातली. दहा मिनिटं उरली, मग पाच. आणि तेव्हा बाण हलला. हळूच एका पेशीवर गेला आणि दोनदा टेकला.

मी बघितलं. आठ जोड्या मधोमध उभ्या. हे चौथंच होतं! बाण पुन्हा टेकला. किर्र... किर्र.

"मिळालं का पाचवं?" परीक्षक घड्याळाकडे बघत म्हणाले. "वेळ होत आली."

हो म्हणणं सोपं होतं गं. ते दमले होते, घाईत होते, नुसतं डोकावून खूण केली असती त्यांनी. शिवाय बाई दाखवत होत्या. बाईंपेक्षा मी शहाणी? हो अगदी जिभेवर आलं. पण त्याच बाईंनी दोन महिने कान पिळून शिकवलं होतं ना, दिसतंय ते बोल म्हणून!

"नाही सर," मी म्हटलं. "ही पेशी आहे, पण हे पुन्हा चौथंच आहे. जोड्या अजून सुटलेल्या नाहीत. माझ्या स्लाइडवर पाचवं नाही."

"म्हणजे काय होणार, माहीत आहे ना?"

"हो सर."

"बघू तरी," म्हणून ते वाकले. मीही शेवटचं म्हणून डोळे लावले.

बाण त्या पेशीच्या कडेला थांबला होता, वाट बघत असल्यासारखा. आणि आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत पहिली जोडी सुटली... मग दुसरी... मग सगळ्याच. शाळा सुटल्यावर मैत्रिणींनी हात सोडून आपापल्या घराकडे निघावं, तशी आठ गुणसूत्रं इकडे आणि आठ तिकडे, सावकाश, अजिबात घाई न करता. सोमवारी मेलेल्या पेशीत.

आम्ही दोघांनी एकदमच डोकं वर काढलं. परीक्षकांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कळ्या बाटलीत कधी टाकल्यास?"

"सोमवारी, सर."

"आज शुक्रवार."

"हो, सर."

ते पुन्हा वाकले. खूप वेळ बघत राहिले. मग गुणपत्रिकेवर काहीतरी लिहिलं, मला उलटं दिसलं तरी वाचता आलं, पाचपैकी पाच. पेन खिशाला लावलं, आणि जाताना रिकाम्या स्टुलाकडे बघून हळूच म्हणाले, "येतो, बाई." ते त्यांचे विद्यार्थी होते की काय, हे विचारायचं मला सुचलंच नाही. मी रडत होते, हसत होते आणि मामांच्या हातात हात घालून नाचत होते.

तशीच धावत दुकानात गेले. तुझ्या आजोबांनी ऐकलं, मान वर केली. भिंगातला डोळा हा एवढा मोठा दिसत होता आणि ओला. "म्हणजे माझ्या दुकानातली खुर्ची रिकामीच राहणार तर," ते म्हणाले, आणि त्या दिवशी दुपारीच दुकान बंद करून मला घरी घेऊन आले. वाटेत भेटेल त्याला सांगत होते.

हसतेस काय? मला अजूनही आठवलं की असंच हसू येतं. तो पेपर मी आता एकतीस वर्षं शिकवतेय, आणि पलीकडच्या स्टुलावर काही बसत नाही. दुसरं ओढून घेते.

ती स्लाइड मात्र मी कुणाला दिली नाही. अशी स्लाइड आठवडाभरात सुकून जाते. मी तिच्या कडा नेलपॉलिशने बंद करून ठेवली आणि वर्षातून एकदा बघते. पहिल्या वर्षी त्या पेशीच्या दोन झाल्या होत्या. मग बरीच वर्षं गेली, तेव्हा चार. मग चौघी सुट्या झाल्या, गोल झाल्या, पिवळ्या पडल्या. गेल्या वर्षी त्यातल्या एकीतून केसासारखी बारीक नळी बाहेर आली. परागकण रुजताना येते ना, तशीच. परवा ती काचेच्या कडेला पोचली होती, म्हणून मी नेलपॉलिशचा आणखी एक थर दिला. आज सकाळी बघते तर त्या थराला आतून चीर गेलेली...

कोपर जरा उचल ना. याच टेबलाच्या खणात ठेवलीय मी ती.