घरात आम्ही तिघं

एक निळी जांडल, म्हणजे रबरी चप्पल, डाव्या पायाची, पायरीवरच्या चिखलात उलटी पडलेली.

तांदळाच्या डब्यात तळाशी जपलेला एक पासपोर्ट.

न्यू लिनमधल्या मोटेलची एक खोली. पलंग तीन.

गार्गीचं चित्र : आई, बाबा, ती स्वतः, आणि दारामागे अर्धीच दिसणारी एक बाई.

भिंतीवर कमरेच्या उंचीला एक तपकिरी रेघ. तिच्या खाली सगळं भिजलेलं, वर सगळं कोरडं.

आणि या सगळ्याच्या मधोमध सरलामावशी... हेन्डरसन उपनगरातल्या त्या घराच्या लाँड्रीत, कपडे धुण्याच्या खोलीत, घोटाभर गाळात, श्वास रोखून उभी.

शुक्रवारी संध्याकाळी मागचा ओढा घरात शिरला होता. दोन रात्री शेजाऱ्यांकडे काढून रविवारी सकाळी सगळे गाळ उपसायला परत आले आणि तासाभरातच फाटकातून कुणीतरी ‘किया ओरा’ असा तिथला नमस्कार घालत हाक मारली. सरकारी मदत केंद्राची बाई होती, सीना नावाची, सामोअन, गुडघ्यापर्यंत गमबूट घातलेली. पूरग्रस्तांच्या राहण्याजेवणाची सोय करायला ती फॉर्म घेऊन घरोघरी फिरत होती. हाक ऐकताच मावशीनं दारातल्या आपल्या जांडल उचलल्या, चष्मा उचलला आणि ती लाँड्रीत गेली. घाईत एक जांडल हातातून निसटली, तेवढंच. दोन वर्षांची सवय होती ती. बेल वाजली की चपला, चष्मा, लाँड्री. तिला जा असं कधी कुणी सांगितलं नव्हतं... आणि थांब असंही नाही.

स्वप्नाच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा सहा महिन्यांसाठी म्हणून ती नाशिकहून आली होती. स्वप्नाला आई नव्हती, आणि मावशीला या भाचीशिवाय जवळचा असा एक भाऊच. मग करोना आला, सीमा बंद झाल्या, व्हिसाची मुदत वाढत गेली. शेवटची मुदतवाढ मागायचं काम स्वप्नाच्या नवऱ्याकडे, नितीशकडे होतं. आज करतो, उद्या करतो म्हणता म्हणता तारीख उलटून गेली, आणि जावयानं तिला सांगितलं, ‘झालं मावशी, सगळं झालं.’ आयुष्यभर शाळेत मुलांच्या वह्या तपासलेली बाई ती! टेबल पुसताना सापडलेलं, व्हिसा संपल्याचं पत्र तिनं एकदा वाचलं आणि घडी घालून जागेवर ठेवलं. त्या दोघांचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज तेव्हा विचाराधीन होता. स्वप्नाला अजून पाण्याची कळशीसुद्धा उचलवत नव्हती. मावशी गप्प राहिली. भाऊ गोविंद तिकडे नाशिकला वारला, त्या दिवशी तिनं डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या केसांनीच गार्गीचा डबा भरला, कारण इथून एकदा बाहेर पडलं तर परत येता येणार नव्हतं.

लाँड्रीचं दार पातळ होतं. सीना विचारत होती, घरात माणसं किती? पायरीवरच्या त्या एकट्या जांडलकडे बघत असणार, तिनं पुन्हा विचारलं, अजून कुणी आहे का, पलंग हवे तेवढे आहेत.

“नो, नो. जस्ट थ्री,” नितीश म्हणाला. “घरात आम्ही तिघंच.”

“बट मावशीआजी...” गार्गी बोलली, आणि गप्प झाली. स्वप्नाचा हात तिच्या खांद्यावर पडला असणार.

मावशीच्या मनाला तो आकडा लागला नाही. लागलं ते एवढंच, की उत्तर द्यायला तो अडखळलासुद्धा नाही... एक क्षण, एवढासा एक क्षण तरी थांबला असता!

सीना गेल्यावर तो लाँड्रीच्या दाराशी आला, खाली मान घालून. मावशीनंच आतून दार उघडलं.

“अहो नितीशराव, तोंड का पाडताय? तुम्ही जा मोटेलवर. घर उघडं टाकून कसं चालेल?”

अकरा दिवस ती त्या ओल्या घरात राहिली. गालिचे ओढून बाहेर टाकले, गार्गीची चित्रांची पुस्तकं पानापानानं वाळवली. भिंतींवर काळी बुरशी चढत गेली. स्वप्ना रोज डबा घेऊन यायची, मोटेलच्या खोलीत खाली गादी टाकते म्हणून रडायची, आणि मावशी खोकला गिळून तिला परत पाठवायची. म्हणायची, तो मॅनेजर माणसं मोजतो, उगीच तुमच्या अजून अडकलेल्या अर्जाला गालबोट नको.

बाराव्या दिवशी शाळेतून गार्गीचं ते चित्र मोटेलवर आलं. नितीशनं विचारलं, आजी दारामागे का गं?

“दॅट्स व्हेअर शी लिव्ज, बाबा.”

तो त्याच पावली घराकडे निघाला. मावशी स्वयंपाकघरात उलट्या क्रेटवर बसली होती, अंग तापानं फणफणलेलं, मांडीवर गार्गीचा पोहण्याचा पोशाख, अर्धवट घडी घातलेला. त्यानं तिला उचलून गाडीत घातलं. हॉस्पिटलच्या काउंटरवर बाईनं विचारलं, या कोण? या वेळी तो अडखळला. मग मोठ्यानं म्हणाला, “माझी आई आहे. हिचा व्हिसा संपलाय, आणि चूक हिची नाही, माझी आहे.” त्या बाईनं नुसती मान हलवली आणि जन्मतारीख विचारली.

दोन दिवसांनी मावशीनं डोळे उघडले, तेव्हा तो पायथ्याशी बसून होता.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “पत्र वाचलं होतं मी.”

“मग बोलला का नाहीत, मावशी? शिव्या तरी घालायच्या.”

“जावयाला?” ती हसली, आणि हसता हसता खोकली. “शिव्या कशाला... एकदाच म्हणायला हवं होतं तुम्ही. मावशी, बाहेर या, आमच्यात बसा. बस, एवढंच.”

नितीशनं तिच्या पावलांवर डोकं टेकलं. पांघरुणातून हात काढून तिनं त्याच्या केसांवरून फिरवला.

मार्चअखेर डॉक्टरांनी विमानप्रवासाला परवानगी दिली. फुप्फुसं पूर्वीसारखी होणार नव्हती. परत कधी येता येईल, येता येईल का, हेही कुणाला सांगता येत नव्हतं. तिला परत येऊ द्यावं म्हणून नितीशनं अर्ज लिहिला, त्यात घडलेलं सगळं लिहिलं, स्वतःच्या खोटेपणासकट. विमानतळाकडे निघताना ती पुढच्या दारानं बाहेर पडली आणि पायरीवर सावकाश बूट घातले, शेजाऱ्यांनी हात हलवला तेव्हा तिनंही हलवला. निळ्या जांडल गार्गीनं ठेवून घेतल्या. त्या अजूनही दारात असतात, दोन्ही सरळ, बेल वाजली तरी कुणी उचलत नाही.

नितीशचा व्यवसाय फॉर्म बनवण्याचा आहे. कुठला रकाना सक्तीचा, कुठला रिकामा सोडला तरी चालतो, हे तो दिवसभर कंपन्यांना समजावतो.

त्या रविवारी सीनाच्या हातात जो फॉर्म होता, त्यात नावांसाठी सहा ओळी होत्या, आणि व्हिसाबद्दल एकही प्रश्न नव्हता.