चिमणीचा आवाज

दिवे येतील तेव्हा येतील. आधी ते मोबाइलचे उजेड बंद करा, डोळ्यांवर येतात. आणि तू जरा इकडे सरक. सोमवारपासून त्या सिनेमाच्या शाळेत जाणार ना अभिनय शिकायला? मग तू तर ऐकच. फक्त तुझ्या बापाला सांगू नकोस, तो माझ्या नावाने खडे फोडेल.

ही माझ्या मित्राची गोष्ट. आम्ही दोघं एकाच खाजगी फिल्म स्कूलमध्ये शिकवायचो. मी एडिटिंग, तो साउंड. मुलं त्याला कानसेन म्हणायची. मागच्या बाकावर कुणी चॉकलेटचा कागद उलगडला, तरी हा फळ्याकडे तोंड करूनच म्हणायचा, "मलाही एक ठेव." थापा मारणारा माणूस नव्हे. हे त्याने मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

शेवटच्या वर्षाची मुलं डिप्लोमाची फिल्म करत होती. तिच्यात मुख्य काम करणारी मुलगी बुटकी, बारकी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. बोलायला उभी राहिली की मात्र अख्खा वर्ग गप्प. शेवटचा सीन साधा होता. बसस्टॉपवर उभी राहून ती आईशी फोनवर बोलते, बास. पण शूटिंगच्या दिवशी शेजारच्या इमारतीचा जनरेटर धडधडत होता. चिमणी म्हणाली, "सर, तो बंद होईपर्यंत थांबूया का? हे मला एकदाच नीट जमेल."

कानसेन म्हणाला, "तू बोल गं. आवाज नंतर डब करू."

म्हणजे चित्र आज घ्यायचं, आणि नंतर स्टुडिओत पडद्याकडे बघत तेच पुन्हा बोलायचं. आमच्याकडे रोजचंच काम. पण आठव्या दिवशी तिला न्यूमोनिया झाला आणि अकराव्या दिवशी ती गेली. वीस वर्षांची होती.

महिन्याभराने तिची आई स्टुडिओत आली.

"फोनमध्ये तिचे निरोप आहेत," ती म्हणाली. "उशीर होईल, जेवून घे, चावी शेजारी ठेव. एवढेच. जरा सलग बोललेलं काही मिळेल का हो?"

"बघतो," कानसेन म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

पंधरा दिवस तो ते रेकॉर्डिंग साफ करत बसला. जनरेटरचा आवाज काढला की शब्दही निघून जायचे. मी शेजारी बसून ऐकलंय, काही म्हणजे काही हाती लागत नव्हतं. इकडे फिल्म जमा करायची तारीख आली. शेवटी ठरलं, की वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीने चिमणीचे संवाद बोलायचे. बुधवारी सकाळी नऊ वाजता.

आदल्या रात्री कानसेन खोली लावून ठेवायला गेला. नोव्हेंबरची एकोणीस तारीख, मंगळवार, रात्रीचे सव्वादहा. साउंडच्या दोन खोल्या तळघरात होत्या. एकीत मशीन, दुसरीत माइक, मधे जाड काच. ऑफिसातून त्याने संवादांचा एक ताजा कागद छापून आणला आणि आत स्टँडवर ठेवला. दुसरी मुलगी चांगली उंच, म्हणून माइक वर चढवला, स्क्रू घट्ट आवळला. आतला दिवा मालवला. दार लावलं. बाहेर येऊन मशीनवर बसला आणि पडदा नीट चालतोय का बघायला सीन लावला.

सीन संपला. त्याने मान वर केली.

आतला दिवा लागलेला होता.

माइक खाली आलेला होता. बुटक्या माणसाच्या तोंडाशी येईल, इतका.

त्याला वाटलं, स्क्रू सैल राहिला. उठून आत गेला. कुणी नाही. माइक पुन्हा वर केला, दिवा मालवला, बाहेर आला, खुर्चीत बसला...

काचेपलीकडे दिवा पुन्हा लागला होता. चिमणी उभी होती.

कानांवर हेडफोन. नजर पडद्यावर. डबिंगला मुलं उभी राहतात, अगदी तशी.

मी त्याला विचारलं, "पळाला नाहीस?"

तो म्हणाला, "पाय होते कुठे."

पडद्यावरचा सीन आपोआप सुरू झाला. तिचे ओठ हलायला लागले. पडद्यावरच्या ओठांशी तंतोतंत जुळून. आणि आवाज... नाही. कानसेनने रेकॉर्डिंग सुरू केलं, माइकचं बटण पूर्ण वर सरकवलं. मशीनवर आवाजाच्या हिरव्या पट्ट्या असतात, कुणी श्वास घेतला तरी हलतात. त्या हलल्या नाहीत.

सीन संपला. चिमणीने काचेतून त्याच्याकडे बघितलं. जमलं का, असं.

त्याने आतल्या माणसाशी बोलायचं बटण दाबलं. "ऐकू येत नाहीये बाळा."

तिने मान डोलावली. शहाण्या मुलीसारखी. पुन्हा पडद्याकडे वळली.

पुन्हा सीन. पुन्हा ओठ. त्याने वायर बदलली. दुसरा माइक जोडायला आत गेला... आत कुणी नव्हतं. बाहेर आला. ती होती.

पुन्हा.

पुन्हा.

दर वेळी तिचं ते बघणं. दर वेळी याचं मान हलवणं, नाही म्हणून. ती चिडली नाही. कंटाळली नाही. फक्त दर वेळी जरा जास्त जोर लावत होती. मानेच्या शिरा दिसत होत्या, म्हणाला. एवढा जोर. आणि ह्या कानसेनच्या कानांत... काही नाही.

नऊ वेळा.

नवव्यांदा तिने बघितलं, तेव्हा त्याने बटण दाबलं.

"झालं," तो म्हणाला. "छान झालं. ओके."

खोटं बोलला.

चिमणी हसली. हेडफोन काढून स्टँडला अडकवला. दिवा गेला.

...

रेकॉर्डिंग त्याने तिथेच, त्याच रात्री लावून बघितलं. चाळीस मिनिटं. कोरी.

सकाळी दुसरी मुलगी आली. काम चोख केलं बिचारीने. फिल्म वेळेत जमा झाली. दाखवली त्या दिवशी चिमणीची आई पहिल्या रांगेत होती. लेकीच्या तोंडून परका आवाज आला, तशी ती उठली आणि शांतपणे बाहेर गेली. कानसेन मागोमाग गेला. पायऱ्यांवर तिच्याशेजारी बसून राहिला, दिवस मावळेपर्यंत. त्याने नोकरी सोडली नाही. मुलं अजून त्याच्याकडे शिकतात. फक्त 'ओके' म्हणत नाही, अंगठा दाखवतो.

हां, आणि एक. त्या बुधवारी सकाळी दुसऱ्या मुलीने स्टँडवरचा कागद उचलला आणि विचारलं, "सर, श्वासाच्या खुणा तुम्ही केल्यात का?"

कुठे श्वास घ्यायचा, तिथे नट पेन्सिलीने बारीक रेघ मारतात. तो कागद रात्रीच छापलेला. पेन्सिल आत नव्हती.

कागद माझ्याकडे आहे. अकरा ओळी आहेत. सातवीपर्यंत रेघा नीट आहेत, जिथे हव्यात तिथे. आठवीत खूप आहेत, शब्दाशब्दाला.

पुढच्या तीन ओळींत एकही नाही.