नुसता पाय

बसा. कंदील मधे नको, कडेला सरकवा. उजेडात गोष्ट लाजते. आणि प्रेमलताचा धाकटा कुठाय? आईच्या पदराआड? बरं, तिथूनच ऐक बापा.

मी थापा मारतो, हे साऱ्या धरमपेठेला ठाऊक आहे. पण ही गोष्ट मला मधुसूदननं सांगितली. तो शाळेत माझ्या बाकावर बसायचा, आणि थाप मारायला जी अक्कल लागते ती देवानं त्याला दिलीच नव्हती. म्हणून ही खरी.

मंगळवार, अठ्ठावीस ऑगस्ट, साल त्र्याहत्तर. पोळ्याची अमावास्या. दिवसभर बैल मिरवून गाव दमलेलं. रात्री साडेअकराला मधुसूदननं आपली काळी अँबेसेडर काढली. काम म्हटलं तर साधं. वाडीला जायचं, आपल्या ड्रायव्हरला, नत्थूला, उठवायचं आणि घरी आणून झोपवायचं.

सल्ला वकिलाचा होता. दत्तोपंत म्हणाले होते, "उद्या मारबतीची सुट्टी. परवा निकाल. मारबतीच्या मिरवणुकीत तुमचा माणूस कुठं पसार झाला, तर आपण बसलो टाळ कुटत. आज रात्रीच त्याला घरात घ्या."

आता निकाल कशाचा, ते ऐका.

मधुसूदनची लाकडाची टाल, म्हणजे वखार, होती. माघ महिन्यात एका कंत्राटदाराकडं जेवण झालं, जेवणाआधी बाटली झाली, आणि निघताना या गड्याला हुक्की आली. "नत्थू, आज तू मागं बस. गाडी मी चालवतो." नत्थू म्हणाला, "मालक, नोका जी, राहू द्या." पण दारूनं कधी कुणाचं ऐकलंय? वाडीच्या नाक्यापुढं धोंडबा नावाचा हमाल गोदामातून सायकलनं घरी चालला होता. गाडी कडेला गेली. सायकल खाली, धोंडबा खाली, आणि त्याच्या उजव्या पायावरून चाक.

मधुसूदनला त्या रात्रीचं एकच आठवत होतं. दिव्याच्या उजेडात चपलेतून निघालेलं एक पाऊल. त्याला चारच बोटं. करंगळी फार आधी पेटीखाली चेंगरून गेलेली.

पोलीस येईस्तोवर नत्थूनं मालकाला मागं ढकललं आणि स्वतः चाकामागं बसला. काहून? तर खाल्ल्या मिठाला जागला. डॉक्टरनं ठाण्याच्या फरशीवर खडूनं रेघ मारली आणि नत्थूला तिच्यावरून चालवलं. डोक्यावर घागर असावी तसा तो सरळ चालला. तोंडाला वास नाही, पायात तोल आहे. डॉक्टरनं लिहिलं, शुद्धीत आहे. जो शुद्धीत नव्हता तो मागच्या सीटवर घोरत होता. त्याला कोण चालवणार रेघेवरून?

धोंडबाचा पाय मांडीपासून कापावा लागला.

दत्तोपंत सुपारी कातरत म्हणाले होते, "मेला असता तर गोष्ट वेगळी होती, मधुसूदनराव. हा तर नुसता पाय. कलम तीनशे अडतीस, फार तर दोन वर्षं. शुद्धीतला गरीब ड्रायव्हर म्हणून दंडावर सुटेल. तुमचं नाव आलं असतं, तर दारूचं कलम वेगळं, आणि दारू म्हटली की कोर्ट आतच घालतं."

नुसता पाय! मधुसूदनला शब्द आवडला. टालीवर कुणी विचारलं की तो म्हणायचा, "अरे, काही नाही. नुसता पाय."

पण पावसाळ्यात मॅजिस्ट्रेट बदलला. नवा साहेब मोटारीच्या केसमध्ये कुणालाच दंडावर सोडेना. आणि नत्थूच्या बायकोला, कौसल्येला, सातवा लागला होता. आता नत्थू मालकाच्या डोळ्याला डोळा देईना. म्हणून ही रात्रीची वरात.

धीर यावा म्हणून मधुसूदन दोन पेग मारून निघाला होता. हो, पुन्हा! हसू नका. माणूस त्याच दगडाला दुसऱ्यांदा ठेचाळतो, आणि वर दगडालाच शिव्या देतो.

अमरावती रोडला चिटपाखरू नव्हतं. ट्रकसुद्धा पोळ्याला झोपलेले. नाका ओलांडला आणि त्याला लघवीची घाई झाली. गाडी थांबवली, दिवे चालू ठेवले, उतरला. उतरल्यावर लक्षात आलं की जागा तीच.

रस्त्याला लागून पोळ्याचं मैदान होतं. बैल एका ओळीत उभे करायला चुन्याची रेघ मारलेली. दिव्याच्या उजेडात ती पांढरी रेघ लांब अंधारात गेली होती. मधुसूदन मोकळा झाला, बटणं लावली, आणि सहज खाली पाहिलं.

रेघेवर पावलं होती. दिवसभर माणसं, बैल, पोट्टे तुडवून गेलेले, त्यात काय नवल? पण ही सगळ्यांच्या वर उमटलेली. ताजी. अनवाणी. रेघ न सोडता, एकापुढं एक, सरळ.

आणि सगळी उजव्या पायाची.

तो वाकला. डावं पाऊल कुठं दिसेना. कुबडीचं टोक नाही. काठीचा ठिपका नाही. बोटं मोजली. पुन्हा मोजली.

चार.

पावलं अंधारातून आली होती आणि बोटं गाडीकडं वळलेली होती.

"कुणाय बे?" तो ओरडला. आवाज मैदानावरून फिरून परत आला. मग कुठंतरी जवळच…

चप्.

थांबलं.

चप्.

तो धावत गाडीत शिरला. दार ओढलं. चावी फिरवली. गाडी सुरू झाली. गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी थरथरली, कण्हली आणि बंद पडली. पुन्हा चावी. पुन्हा तेच. उताराची जागा, नुसती सोडली तरी गाडी घरंगळली पाहिजे. हलेना. जणू कुणी धरून ठेवली होती.

त्याचा उजवा पाय सवयीनं ब्रेककडं गेला.

ब्रेक वर नव्हता. तळापर्यंत दाबलेला होता.

आणि त्याच्यावर…

त्याच्यावर आधीच एक पाय होता.

गार नव्हता. ऊन होता. जिवंत माणसाचा असतो तसा.

…

ते वाडीपर्यंतचं अंतर मधुसूदन कसा धावला, ते त्याला कधीच सांगता आलं नाही. गोदामांमागच्या चाळीत नत्थूची खोली. दारात पळसाची फांदी टेकवलेली. पोळ्याला ठेवतात आणि दुसऱ्या सकाळी, मारबतीचा पुतळा जाळायला नेतात तेव्हा, घरातली पिडा म्हणून गावाबाहेर नेऊन टाकतात, तीच. मधुसूदन फांदीसकट दारावर आदळला.

नत्थू बाहेर आला. मागं कौसल्या, हातात पेटती चिमणी.

"मालक? काय झालं जी? गाडी कुठं हाय?"

"बंद… बंद पडली. नाक्याजवळ. तू चल. गाडी काढ आणि घरी चल. आजच. दत्तोपंतांनी सांगितलंय."

एवढी फाटली होती, तरी काम विसरला नव्हता बरं का.

कौसल्येनं खाली पडलेली फांदी उचलली आणि नवऱ्याकडं पाहून म्हणाली, "जा ना. थांबले काहून? या मालकाची मारबतच हाव तुमी. इडा पिडा घेऊन जा गे मारबत म्हनतील, आन् तुमी चालले जेलात! लेकरू पुसंन बाप कुठं हाय, तं सांगीन मी, मालकाची पिडा घेऊन गेला म्हनून."

"चूप बस वं," नत्थू म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता. सदरा अडकवला आणि मालकाबरोबर निघाला.

वाटेवर धोंडबाचं झोपडं. केस नत्थूवर असली तरी एकाच वस्तीतला म्हणून धोंडबानं त्याच्यावर राग धरला नव्हता. धोंडबा बाहेर बाजेवर बसला होता. लुगड्याच्या चिंधीनं बांधलेला मांडीचा तुकडा दोन्ही हातांनी दाबत, दात खाऊन. अंधारात मधुसूदन त्याला ओळखू आला नाही. मधुसूदन मात्र जागीच थिजला.

"काय गा धोंडबा, झोपला नाई?" नत्थूनं विचारलं.

"कशाची झोप बापा! तो पाय सोडत नाई ना मले. कधी त्याची बोटं खाजते, कधी त्याचा तळवा दुखते. डॉक्टर म्हने, होते असं, मेंदूले ठाऊक नसते पाय गेला म्हनून. पन आज तं हद झाली गा. मघापासून कशावर तरी दाबून धरून राहिला तो. पोटरीत गोळा आला. मी म्हनतो सोड, तं सोडत नाई."

नत्थू हसला. "सोडंन सकाळी. पोळ्याची भांग जास्त झाली तुले."

मधुसूदन हसला नाही. तो नत्थूला ओढतच पुढं निघाला.

गाडीचे दिवे मंद पिवळे झाले होते. नत्थूनं मागून खांदा लावला. उतार असून गाडी तसूभर हलेना. "हँडब्रेक ओढला का जी?" "नाही." नत्थूनं दार उघडलं, काडी ओढली, खाली वाकला. आणि तसाच राहिला.

"मालक… ब्रेक खाली हाय."

"माहीत आहे."

"दाबलेला हाय जी. कुनी दाबला?"

काडी विझली. नत्थूनं पेटी खिशात टाकली आणि मागं सरकला.

दूर वाडीत एक कुत्रं रडलं. मधुसूदन गाडीपाशी आला. उघड्या दारात गुडघे टेकले. नत्थूकडं पाहिलं नाही. त्या काळोखाकडं पाहून, पायाशी, अगदी हळू म्हणाला,

"गाडी मी चालवत होतो."

काही नाही.

"दारू प्यायलो होतो. नत्थू मागं होता. मी… परवा कोर्टात सांगतो."

काही नाही.

"धोंडबा… नुसता पाय नव्हता रे तो."

कुई…

पेडल वर आलं. सावकाश. दमलेल्या माणसानं पाय उचलावा तसं. गाडी स्वतःच हातभर पुढं सरकली. आणि मागं, झोपड्याच्या दिशेनं, अंधारातून धोंडबाचा मोकळा झालेला आवाज आला, "हाऽऽ… सोडला रे बाबा, सोडला!"

कोर्टाचं थोडक्यात सांगतो, कारण दत्तोपंत आठवले की मला हसू येतं. गुरुवारी मधुसूदन उभा राहिला तेव्हा त्यांच्या तोंडातली सुपारी तोंडातच राहिली. नत्थू सुटला, मधुसूदनवर नवी केस झाली. वास तर केव्हाचा उडून गेला होता, पण दारूचंही यानं स्वतःच सांगितलं. वर्षभर सक्तमजुरी भोगून आला. कौसल्येला मुलगी झाली, तेव्हा बाप घरात होता.

मेंदूचं म्हणाल, तर डॉक्टरचं खरं असेल. ब्रेकचं म्हणाल, तर जुन्या गाडीचे ब्रेक अडकतात, मलाही कळतं. पावलांचं म्हणाल, तर प्यालेल्या माणसाला काय काय दिसतं.

पण ती गाडी पुढं मी घेतली. हो, तीच. बाहेर निंबाखाली उभी आहे ती. घेतली तेव्हा ब्रेकच्या काळ्या रबरावर चुना होता. साबणानं घासला. रॉकेलनं पुसला. शेवटी रबरच नवं बसवलं, सीताबर्डीहून आणून, माझ्या या हातांनी.

आज पोळा. संध्याकाळी तुमच्याचसाठी पेढे आणायला गाडीचं दार उघडलं…

नव्या रबरावर पांढरा ठसा. टाच नाही. नुसती बोटं.

चार. करंगळीची जागा कोरी.