भावोजींचा बॅज

ही रात्रीची गोष्ट नाही. भरदुपारची आहे, हॉस्पिटलच्या तळघरातल्या एक्स-रे खोलीतली. आणि खरी आहे. माझ्या ताईला तिखटमीठ लावून सांगताच येत नाही.

ताई आणि भावोजी, दोघंही तिथेच एक्स-रे काढायचे. भावोजी अपघातात गेले तेव्हा ताईला तिसरा महिना होता. ती रडली नाही. आठवड्याभरात कामावर हजर झाली. पोटातल्या बाळाचं तिथे कोणाला सांगितलंही नाही.

अंगावर किती किरणं पडली ते मोजायला तिथे प्रत्येकाच्या छातीवर एक बॅज असतो. आत फिल्म, किरणं पडली की काळी होणारी. दर महिन्याला ती बदलायची, जुनी तपासायला पाठवायची. हे काम ताईचं. त्या महिन्यात तिने हाताच्या सवयीने भावोजींच्या बॅजमध्येही नवी फिल्म घातली आणि तो खोलीबाहेर खुंटीला अडकवला.

कोणी हटकलं नाही.

शिशाच्या आडोशामागे उभी राहून ती पेशंटला सांगायची, "श्वास धरा... सोडा."

पेशंट श्वास सोडायचा.

मग... आणखी कोणीतरी सोडायचं. अगदी तिच्यासमोर.

ताईला भीती वाटली नाही. तिला तेव्हा काहीच वाटत नव्हतं. जेवणसुद्धा गिळायचं म्हणून गिळायची.

महिनाअखेरीस कळलं, आडोशाला तडा गेला होता. किरणं आरपार येत होती.

बाळाच्या काळजीने आमच्या तोंडचं पाणी पळालं. ताई नुसती पोटावर हात ठेवून बसून राहिली.

फिल्म तपासणाऱ्या बाई स्वतः आल्या. ताईची फिल्म कोरी होती.

भावोजींची... काळीकुट्ट.

बॅज चुकून आत टांगलेला राहिला असेल, असं सगळ्यांचं म्हणणं. बाईंना ते पटेना. टांगलेल्या बॅजच्या कडांची छाया फिल्मवर रेखीव पडते. ही पुसट होती. श्वास घेणाऱ्या छातीवर पडते तशी...

"आणि किरणं बॅजच्या मागून आलीत," त्या म्हणाल्या. "जो कोणी होता, तो मशीनकडे पाठ करून उभा होता. तुमच्याकडे तोंड करून."

ताईने ती काळी फिल्म हातात घेतली.

"इतका जवळ होता," ती म्हणाली, "तर मला दिसला का नाही?"

भाची आता शाळेत जाते. ठणठणीत आहे.

पण ताईशी बोलताना मी अजूनही तिच्या अगदी समोर उभा राहत नाही. बाजूला सरकतो. तेवढी जागा मोकळी ठेवतो.